लाईन, रेंज आणि माळवद : जालना जिल्ह्यातील घरगुती जोडणीच्या दोषशोधनाचा इतिहास

जालना जिल्ह्यात ‘लाईन गेली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम वीज येते. टेलिफोनच्या काळात याच शब्दांनी फोन मुका झाल्याचेही सांगितले जाई, आणि घरोघरी इंटरनेट पोहोचल्यावर तेच शब्द नेट बंद पडल्यासाठीही चालू लागले. ‘रेंज’ हा दुसरा शब्द मोबाइलच्या मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींसाठी रूढ झाला आणि तेथून तो घरातल्या वायफायकडे, म्हणजे राउटर नावाच्या छोट्या यंत्राने घरापुरत्या पसरवलेल्या बिनतारी जोडणीकडे सरकला. निरनिराळ्या कारणांनी होणारे बिघाड अशा रीतीने एकाच शब्दात मावत असल्यामुळे बिघाड नेमका कोठे आहे हे शब्दावरून कळत नाही. त्यासाठी तार, यंत्र आणि भिंत यांची क्रमाने तपासणी करावी लागते. जोडणीचे टप्पे पाडून दोष कोणत्या टप्प्यात आहे हे निश्चित करण्याच्या या रीतीला येथे दोषशोधन म्हटले आहे. ती वायफायबरोबर जन्माला आली असे वाटणे साहजिक आहे; परंतु तिचे मूळ तारायंत्राच्या काळात आहे, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात तिचा माग घेतला तर असे दिसते की प्रत्येक नव्या तंत्राबरोबर बिघाडाची जागा घराच्या अधिकाधिक जवळ येत गेली आणि तो शोधण्याचे काम तार-टेलिफोन खात्याच्या नोकराकडून घरातल्या माणसाकडे आले.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि परभणी जिल्ह्यातला परतूरचा भाग त्यात आला; जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे त्याचे आठ तालुके आहेत. १९४८ पर्यंतचा येथील इतिहास निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा आहे. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा मीटर गेज रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यातून गेला, आणि रेल्वेमार्ग म्हटला की त्याच्या कडेने खांब आणि खांबांवरून तारा आल्याच, कारण एका स्थानकाने पुढच्या स्थानकाला विचारल्याशिवाय गाडी सोडता येत नसे. सामान्य रहिवाशाचा या तारेशी संबंध फक्त मरणाची, आजारपणाची किंवा बाजारभावाची बातमी येण्यापुरता होता, पण बिघाड शोधण्याचे पहिले शास्त्र याच तारेवर घडले.

तारायंत्राच्या कर्मचाऱ्याला तीन प्रकारचे दोष ठाऊक असत : तार तुटणे, तार जमिनीला लागून प्रवाह मातीत मुरणे आणि शेजारच्या तारेला लागून दोन संदेश एकमेकांत मिसळणे. मैलोन्‌मैल पसरलेल्या मार्गावर चालत जाऊन दोष शोधणे अशक्य नसले तरी फार वेळखाऊ होते. म्हणून तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, लांबीच्या प्रमाणात वाढतो या नियमाचा आधार घेण्यात आला. दूरच्या टोकाला चांगली तार आणि बिघडलेली, पण न तुटलेली, तार एकमेकींना जोडून एक वळसा तयार करायचा, जवळच्या टोकाला दोन्ही बाजूंच्या रोधांचे गुणोत्तर मोजायचे आणि त्यावरून दोष किती मैलांवर आहे हे खोलीत बसून काढायचे, ही वळसा-चाचणी एकोणिसाव्या शतकात जगभरच्या तारखात्यांत रूढ झाली. तिच्यापेक्षा साधी रीतही होती : मधल्या एखाद्या कार्यालयाला मार्ग तोडायला सांगायचा, आपल्याकडचा अर्धा भाग नीट चालतो का ते पाहायचे, आणि चालत असेल तर दोष पलीकडच्या अर्ध्यात आहे असे धरून तोच अर्धा पुन्हा विभागायचा. घरातल्या वायफायची आज जी तपासणी होते तिचा गाभा हाच आहे, फक्त मैलांच्या जागी खोल्या आल्या आहेत.

टेलिफोनने ही तार घराच्या दारात आणली. एक्स्चेंजमधून निघालेली जाड केबल चौकातल्या लोखंडी पेटीत, तेथून खांबावरच्या ‘डीपी’ नावाच्या वाटपपेटीत आणि डीपीतून दोन तारांच्या एका जोडीने घरात, असा तिचा मार्ग असे, आणि या प्रत्येक सांध्यावर लाइनमनला आपला छोटा चाचणी-फोन जोडता येत असल्यामुळे दोष सांध्याच्या अलीकडे की पलीकडे हे तो काही क्षणांत सांगू शके. त्याच्या तोंडी असलेले ‘ओपन’, ‘अर्थ’ आणि ‘शॉर्ट’ हे शब्द म्हणजे तारायंत्राच्या काळातले तेच तीन दोष होत. ग्राहकाने १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवायची, टेबलावरच्या खटक्यांनी एक्स्चेंजमध्ये प्राथमिक चाचणी व्हायची आणि मग लाइनमन सायकलवरून निघायचा, असा क्रम होता. घरात ठेवलेले यंत्रही बराच काळ खात्याच्याच मालकीचे असल्यामुळे दोष पार दिवाणखान्यात निघाला तरी तो खात्याचाच ठरत असे, ही या व्यवस्थेतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पावसाळ्यात जमिनीखालचे सांधे भिजत, संवादात खरखर येई, दुसऱ्याचे बोलणे ऐकू येई आणि दुरुस्तीला कित्येक दिवसही लागत. परंतु दुरुस्ती कोणी करायची हा वाद नव्हता.

खेड्यांकडे मात्र तांब्याची तार न्यायला खर्च फार आणि ग्राहक थोडे, अशी अडचण होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय उष्णतेत आणि धुळीत वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, आणि त्यामुळे देशातल्या मोठ्या गावांत स्वयंचलित टेलिफोन आला. त्याहून लहान गावांसाठी देशभर वापरलेली एक योजना मात्र येथे अधिक महत्त्वाची आहे, कारण ग्रामीण भागाचा दुतर्फी बिनतारी जोडणीशी आलेला तो पहिला व्यापक संबंध होता. अनेक गावांनी मोजक्या रेडिओ-मार्गांचा सामायिक वापर करायचा आणि प्रत्येक गावच्या सार्वजनिक फोनला अँटेना, मनोरा आणि बॅटरी द्यायची, अशी ती यंत्रणा होती. ती एवढ्या वेळा बंद पडली, की पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून तिच्या जागी दुसरी साधने बसवण्यासाठी पैसे द्यावे लागले. तिच्या अपयशाने पुढच्या काळात पुन्हा पुन्हा येणारा धडा दिला : बिनतारी जोडणीत तार तुटत नाही, पण वीज, बॅटरी आणि अँटेनाची दिशा या तिन्हींची निगा गावातच कोणीतरी राखावी लागते, आणि ते शिकलेला माणूस गावात नसेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी मुके होते.

घरातल्या माणसाला लहरींची ओळख त्याआधीच रेडिओने करून दिली होती. भारतात बिनतारी साधन बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा १९३३ चा. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर मराठवाडाही याच चौकटीत आला, आणि संस्थानाची हैदराबाद व औरंगाबाद येथील रेडिओ केंद्रे १९५० मध्ये आकाशवाणीकडे गेली. रेडिओचा परवाना टपाल कार्यालयातून दरवर्षी घ्यावा लागे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. व्हॉल्व्हच्या संचासाठी घरावर एरिअल ताणावी लागे, एक तार जमिनीत पुरावी लागे, आणि खरखर वाढली की ती एरिअलमुळे, जमिनीच्या तारेमुळे की आभाळातल्या विजांमुळे हे घरच्यांनाच ठरवावे लागे. १९८० च्या दशकात दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले तेव्हा हे कौशल्य घराच्या छपरावर चढले. पाइपाच्या टोकाला बसवलेली अँटेना एक जण फिरवतो, दुसरा संचासमोर उभा राहून पडद्यावरच्या ‘मुंग्या’ कमी झाल्या का हे ओरडून सांगतो आणि तिसरा दोघांच्या मधे उभा राहून निरोप पोहोचवतो, हे त्या काळातल्या घराघरांतले दृश्य म्हणजे एका अर्थाने मोजमापाचीच पद्धत होती : एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, आणि मगच दुसरी गोष्ट बदलायची. आजच्या घरात राउटर, फोन आणि सेटिंग हे सगळे एकदम बदलून बसलेल्या माणसाला दोष सापडत नाही, याचे कारण ही शिस्त सुटलेली असते.

इंटरनेटची सार्वजनिक सेवा भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या महानगरांत सुरू झाली आणि जिल्ह्याच्या गावांत ती टेलिफोनवर नंबर फिरवूनच पोहोचली, त्यामुळे नेट चालू असताना फोन बंद आणि फोन उचलला की नेट बंद, अशी स्थिती होती. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवा भारत संचार निगमकडे गेल्या. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही किमान गती ठरवली, आणि जानेवारी २००५ मध्ये निगमने तांब्याच्या त्याच जोडीवरून ब्रॉडबँड सुरू केले. एकाच तारेवर खालच्या वारंवारितेत बोलणे आणि वरच्या वारंवारितेत नेट, अशी ही योजना. दोन्ही वेगळे करण्यासाठी ‘स्प्लिटर’ नावाची छोटी डबी फोनच्या आधी बसवावी लागे, आणि ती बसवली नाही किंवा घरातला दुसरा फोन तिच्याशिवाय जोडला तर घंटी वाजताच नेट तुटे. एक्स्चेंजपासून घर जसजसे लांब तसतसा वेग कमी, आणि पाच-सहा किलोमीटरपलीकडे सेवा जवळपास अशक्य, हा तांब्याचा गुणधर्म असल्यामुळे शहरातले घर आणि वेशीबाहेरचे घर यांच्यातला फरक या काळात आकड्यांत मोजता येऊ लागला.

२००५ च्या त्याच जानेवारीत, २८ तारखेला, केंद्र सरकारने काढलेली एक अधिसूचना या इतिहासातील निर्णायक घटना मानली पाहिजे, जरी तिची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची बिनतारी साधने वापरण्यास परवान्याची गरज नाही, असे तिने ठरवले. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आंदोलने. या पट्ट्यातली लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. अमेरिकेने १९८५ मध्ये असे पट्टे खुले केले होते, वायफायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ मध्ये निघाले होते, आणि भारतातील घराला ते मुक्तपणे वापरण्याची मुभा २००५ मध्ये मिळाली. घरातल्या जोडणीचे दोन अर्धे, दारापर्यंतची वेगवान तार आणि दारापासून पुढची मुक्त लहर, अशा रीतीने एकाच महिन्यात उपलब्ध झाले. परंतु या मुक्ततेला एक अट जोडलेली होती. ही साधने कोणाला व्यत्यय आणणार नाहीत, त्यांना कोणापासून संरक्षण मिळणार नाही आणि पट्टा सर्वांनी वाटून वापरायचा, असे नियमाचे तत्त्व होते. रेडिओच्या परवान्याच्या काळात व्यत्ययाची तक्रार ऐकणारी एखादी सत्ता होती. २००५ नंतर शेजारच्या राउटरने आपल्या राउटरला अडथळा केला तर त्याची दाद मागायला जागा उरली नाही. दोषशोधन घरातल्या माणसाचे काम झाले ते येथे, एका नियमाच्या अटीतून. ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाविषयी २००६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दुरुस्तीच्या मुदती घालून दिल्या, त्या मात्र सेवा देणाऱ्याच्या जाळ्यापुरत्या. भिंतीमागच्या खोलीत रेंज का नाही, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता.

या भिंतीकडे आता वळले पाहिजे, कारण जालना जिल्ह्यातील वायफायचा खरा इतिहास घरांच्या बांधणीत दडलेला आहे. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर काड्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप, असे हे सपाट छप्पर उन्हाळ्यात घर गार ठेवते. दारातून आत आले की ढाळज, पुढे अंगण, मग ओसरी आणि सगळ्यांत आत माजघर, असा त्याचा क्रम. सेवा देणाऱ्याची तार घरात शिरते ती बहुधा ढाळजेच्या खिडकीतून किंवा दाराच्या चौकटीवरून, आणि राउटर तेथेच, तार संपते तेथे, खिळ्याला अडकवला जातो. लहरींच्या दृष्टीने ही घरातली सर्वांत वाईट जागा होय, कारण अर्धी शक्ती रस्त्यावर जाते आणि उरलेल्या अर्ध्या शक्तीला दीड-दोन हात जाडीच्या दोन-तीन मातीच्या भिंती ओलांडून माजघरात पोहोचायचे असते. कोरडी माती लहरींना बऱ्यापैकी वाट देते. ओली माती त्यांना गिळते, आणि म्हणून उन्हाळ्यात माजघरात मिळणारी रेंज पावसाळ्यात भिंतींना ओल आली की कमी होणे हा भास नसून पदार्थाचा गुण आहे.

लहरींची घट डेसिबल या एककात मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, २० म्हणजे शंभरावा. फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती ऋण आकड्यांत लिहितात : ऋण ५० च्या आसपास असेल तर उत्तम, ऋण ७० ला चित्रफीत अडखळू लागते आणि ऋण ८० च्या खाली जोडणी नावापुरती उरते. विटांची एक भिंत साधारण पाच ते आठ डेसिबल खाते, सिमेंट-काँक्रीटची जाड भिंत त्याच्या दुप्पट किंवा अधिक. येथे जालन्याच्या बाबतीत एक विलक्षण योग जुळून येतो. हे शहर पोलादी सळयांसाठी प्रसिद्ध आहे. भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाच्या लांबट लाद्या, ओतणाऱ्या भट्ट्या आणि त्या लाद्यांच्या सळया लाटणाऱ्या मिल येथील औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि त्या सळया मराठवाड्यातल्या नव्या घरांच्या स्लॅबमध्ये जातात. स्लॅबमध्ये सळया आडव्या-उभ्या बांधून जी जाळी होते तिचे चौकोन दहा ते पंधरा सेंटिमीटरांचे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या लांबीच्या जवळपास असतात, आणि धातूची अशी जाळी लहरीचा काही भाग परत फेकते. माळवद उतरवून दुमजली स्लॅबचे घर बांधणाऱ्या कुटुंबाला गळतीपासून आणि दरवर्षीच्या मातीकामापासून सुटका मिळते. पण खालच्या मजल्यावरच्या राउटरची रेंज वरच्या मजल्यावर पोहोचत नाही, ही नवी अडचण त्याच घराबरोबर येते. ज्या शहराने प्रदेशाला पक्के छप्पर दिले त्याच शहराच्या मालाने त्या छपराखाली लहरी अडवल्या, याचा दोष कोणालाही देता येणार नाही. हे फक्त लक्षात घ्यावे लागते, आणि बांधकाम चालू असतानाच मजल्यांच्या मधून नेट केबलसाठी एक पाइप सोडून ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाइपाचा खर्च अगदी थोडा. स्लॅब पडल्यावर तेच काम भिंती फोडून करावे लागते.

पत्र्याचे छप्पर, पोलादी कपाट, धान्याची लोखंडी कोठी, पाण्याची टाकी आणि आरसा या वस्तूंचाही येथे विचार करावा लागतो, कारण धातू लहर परतवतो आणि पाणी ती शोषते. अन्न तापवणारी मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे नेमक्या याच पट्ट्यात चालते, त्यामुळे ती सुरू असताना शेजारी ठेवलेल्या फोनचे नेट मंदावले तर दोष सेवा देणाऱ्याचा नसतो.

तार आणि लहर यांतला फरक सामान्य माणसाला प्रथम स्पष्ट दिसला तो काचतंतूमुळे. काचतंतू म्हणजे केसाएवढा काचेचा धागा, ज्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. शहरांत आणि मोठ्या गावांत मात्र तो घरापर्यंत आणण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्थानिक केबलवाल्यांनी केले, कारण खांब, गल्ल्या आणि ग्राहक त्यांच्या ओळखीचे होते. घरात बसवलेल्या डबीवर ‘लॉस’ असे लिहिलेला एक दिवा असतो. प्रकाश पोहोचला नाही की तो लाल लुकलुकतो, आणि ‘लाल लाईट लागली’ एवढे फोनवर सांगितले की केबलवाल्याला दोष वायफायमध्ये नसून धाग्याच्या मार्गात आहे हे समजते. तारायंत्राच्या काळी मार्ग मधोमध तोडून जे ठरवावे लागे ते हा एक दिवा सांगतो. प्रकाशाची शक्तीही त्याच डेसिबल मापात मोजली जाते, आणि ती साधारण ऋण २७ च्या खाली गेली की डबी तो प्रकाश वाचू शकत नाही. धाग्याला तीव्र वळण पडणे, हिरव्या जोडणीच्या टोकाला धूळ लागणे, उंदीर-खारींनी आवरण कुरतडणे आणि रस्ता किंवा जलवाहिनी खोदताना जेसीबीच्या दातांत केबल सापडणे ही प्रकाश घटण्याची किंवा तुटण्याची नेहमीची कारणे होत. तुटलेला धागा वितळवून सांधणारे यंत्र महाग असते, त्यामुळे येथे घरच्या माणसाचे काम ओळखण्यापुरतेच असते, दुरुस्तीचे नसते.

दिवे हिरवे असूनही नेट नसेल तेव्हा घरातली तपासणी सुरू होते, आणि तिचा क्रम तारखात्याच्या त्याच जुन्या रीतीवर उभा आहे : मार्ग मधोमध तोडून पाहायचा. संगणक केबलने थेट राउटरला जोडला आणि नेट चालले, तर दोष लहरींत आहे. चालले नाही, तर तो राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. फोनवर वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसणे म्हणजे फोन आणि राउटर यांच्यातला पहिला टप्पा ठीक असणे, एवढाच त्याचा अर्थ; राउटरपासून पुढे जगापर्यंतच्या मार्गाविषयी त्या रेषा काहीच सांगत नाहीत, आणि ‘रेंज फुल आहे पण नेट नाही’ या नित्याच्या तक्रारीचे कोडे येथेच सुटते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक अंकांचा पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. यंत्रावर त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलाच नाही आणि यंत्राने स्वतःच एक घेतला, असे समजावे. पत्ता मिळाला, पण संकेतस्थळांची नावे उघडत नाहीत, असे असेल तर नावांचे अंकांत रूपांतर करणारी सेवा अडलेली असते. राउटर बंद करून चालू करण्याचा उपाय बऱ्याचदा लागू पडतो तो याचमुळे : त्याच्या स्मृतीतली अडकलेली नोंदवही पुसली जाते, पत्ते नव्याने वाटले जातात आणि कमी गर्दीची वाहिनी पुन्हा शोधली जाते. रोज तोच उपाय करावा लागत असेल, तर मात्र कारण बहुधा तापलेले यंत्र, कमजोर अॅडॉप्टर किंवा अस्थिर वीजपुरवठा असते.

विजेचा प्रश्न या जिल्ह्यात वेगळा काढता येत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले, आणि त्यानंतरही क्षणभर वीज जाऊन येणे संपले नाही. हा क्षण दिव्याला जाणवत नाही. राउटर मात्र नव्याने सुरू होतो आणि जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटे लागतात. काचतंतूची डबी आणि राउटर यांना मिळून लागणारी वीज इतकी थोडी असते, की बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी त्यांना काही तास चालवू शकते; ‘लाईन’ या शब्दातले वीज आणि नेट हे दोन अर्थ प्रत्यक्षात वेगळे करणारी वस्तू हीच होय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने शाळा घरात आणली तेव्हा या सगळ्या प्रश्नांना एकदम धार आली. एका घरात एक फोन चालवणारी जोडणी दोन मुलांचे वर्ग आणि एका मोठ्याचे काम पेलू लागली, आणि पुष्कळ घरांनी दुसरा राउटर आणून जोडला. परंतु दोन्ही राउटर पत्ते वाटू लागले तर एकाच पत्त्यावर दोन यंत्रे येऊ शकतात आणि दोघांचेही नेट अडखळते, म्हणून दुसऱ्याचे पत्तेवाटप बंद करून त्याला नुसता प्रसारक ठेवावे लागते, ही गोष्ट विकणाऱ्याने क्वचितच सांगितली.

कुंडलिका नदीने जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केलेल्या या शहराच्या दाट गल्ल्यांत आणखी एक अडचण आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न येणाऱ्या वाहिन्या जवळपास तीनच, १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या दहा घरांचे राउटर याच तीन वाहिन्यांत बोलू पाहतात, आणि बोलण्याची पाळी येईपर्यंत प्रत्येकाला थांबावे लागते. रात्री नऊच्या सुमारास नेट मंद आणि पहाटे वेगवान, असा अनुभव येत असेल तर गर्दी बाहेरच्या मार्गावर असू शकते किंवा गल्लीतल्या लहरींत. केबलने जोडलेल्या संगणकावर त्याच वेळी वेग मोजला की दोन्हींत निवड करता येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा मोठा पट्टा परवानामुक्त केला आणि घरांना मोकळी जागा मिळाली. तेथे वेग जास्त, गर्दी कमी. परंतु ही आखूड लहर भिंतींत लवकर थकते, त्यामुळे राउटर असलेल्या खोलीत ५ आणि लांबच्या खोल्यांत २.४, अशी वाटणी करावी लागते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर फोन स्वतः निवड करतो, आणि ती निवड चुकली की खोलीच्या उंबऱ्यावर जोडणी तुटते-जुळते.

गावाबाहेरच्या शेतवस्तीपर्यंत काचतंतू न्यायला परवडत नाही तेथे गावातल्या घरावरून वस्तीवर थेट लहर सोडण्याचा मार्ग उरतो. एका घरावर एक छोटी तबकडी, दुसऱ्यावर दुसरी, दोघींचे तोंड एकमेकींकडे, आणि मध्ये काही किलोमीटरची मोकळी हवा, अशी ही रचना. मोकळी हवा म्हणजे फक्त नजरेची सरळ रेषा नव्हे. त्या रेषेभोवती लंबगोल आकाराचा एक पट्टाही मोकळा असावा लागतो, आणि एका किलोमीटरच्या अंतरावर, ५ गिगाहर्ट्झसाठी, मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे पावणेचार मीटर भरते. जालना जिल्हा मोसंबीच्या बागांसाठी ओळखला जातो. लहान रोपांच्या वेळी बसवलेली जोडणी झाडे वाढून मध्ये आली की बिघडते, आणि बिघाड हळूहळू येत असल्यामुळे तो यंत्राचा आहे असे वाटते. पावसाने पाने ओली झाली की घट आणखी वाढते, कारण पानातले पाणी लहर शोषते. दरम्यान जुनी कायद्याची चौकटही बदलली : १८८५ चा तारायंत्र कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा या दोन्हींची जागा घेणारा दूरसंचार कायदा डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला, आणि तारेची सार्वजनिक सेवा त्याच्या दहा वर्षे आधी, जुलै २०१३ मध्ये थांबली होती. वस्तीवरच्या तबकडीचा पाइप मात्र आजही पावसाळा संपला की कोणीतरी सैल करतो, हात-दोन हात उंच करतो आणि खाली अंगणात फोन धरून उभ्या असलेल्याला आकडा विचारत तबकडी पुन्हा गावाच्या दिशेला लावतो.